पॅकेजमध्ये 'ओएस' लिहावं की लिहू नये?

फाँटवेडा

मंडळी, कमांडलाइनवर चालणारं एक छोटं टूल लिहिलंय, एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून बसवतात तिथे) टाकायचा विचार आहे. मशीनवर बसवलेल्या फाँटांपैकी कोणत्या फाँटांना मराठी येतं त्याची यादी ते देतं, आणि एखादी मजकुराची फाइल दिली तर तिच्यातलं कुठलं अक्षर कुठल्या फाँटात नाही तेही सांगतं. आमच्याकडून छपाईला जाणाऱ्या पीडीएफमध्ये अधूनमधून अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, त्या वैतागातून हे जन्माला आलं.

माझ्या मॅकवर चालतं, ऑफिसच्या उबुंटूवर चालतं. विंडोजवर चालत नाही. पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत, पॅकेज डॉट जेसनमध्ये, 'ओएस' म्हणून एक फील्ड असतं, त्यात फक्त 'डार्विन' (म्हणजे मॅक) आणि 'लिनक्स' लिहिलं की विंडोजवर पॅकेज बसतच नाही. सहकारी म्हणतो लिहून मोकळा हो, नाहीतर विंडोजवाले इश्यू टाकून जीव नकोसा करतील. मला मात्र ते जरा उद्धट वाटतंय. तुम्ही काय करता? एनपीएम सोडून इतर ठिकाणी काय पद्धत आहे तेही सांगा.

ता.क. इथला एडिटर रोमन कोडमधली अवतरणचिन्हं वाकडी करतो, म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. सांभाळून घ्या.

सेमीकोलन

आधी ते फील्ड नक्की काय करतं ते बघू. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 'प्रोसेस डॉट प्लॅटफॉर्म' असतं. त्याची किंमत डार्विन, लिनक्स, विन३२, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, सनओएस, एआयएक्स, अँड्रॉइड अशांपैकी एक येते (विंडोज ६४ बिटी असली तरी विन३२च). एनपीएम तुमची यादी या किमतीशी ताडून बघतं. जुळलं नाही तर 'ईबॅडप्लॅटफॉर्म' अशी एरर देऊन थांबतं. यादीत उद्गारचिन्ह लावून नकारही लिहिता येतो, म्हणजे '!विन३२' लिहिलं की विंडोज सोडून सगळे चालतात.

शेजारचं 'इंजिन्स' फील्ड (नोडची कुठली आवृत्ती लागते ते सांगणारं) नुसता इशारा देऊन पुढे जातं, 'इंजिन-स्ट्रिक्ट' चालू केलं असेल तरच अडवतं. 'ओएस' मात्र सरळ अडवतं. वापरणाऱ्याला '--फोर्स' लावून घुसता येतं, पण ते केल्यावर एनपीएमचे बाकीचे अटकावही उठतात. फील्ड लिहिताना हा फरक डोक्यात ठेवा.

चहाटळ

म्हणजे पुण्यातल्या वाड्याची पाटी. 'विंडोजवाल्यांनी बेल वाजवू नये. वाजवल्यास ईबॅडप्लॅटफॉर्म दाखवण्यात येईल. --फोर्सने आत शिरणाऱ्यास मालक जबाबदार नाहीत.'

टर्मिनलेश्वर

लिहू नका. आणि लिहायचंच असेल तर नकार लिहा, होकाराची यादी लिहू नका.

मी गेली कित्येक वर्षं फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली ओएस) वापरतो. निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं पॅकेज, आत सी-ची एक ओळ नाही, आणि यादीत डार्विन, लिनक्स, विन३२ असे तीन मोहरे. का? तर लेखकाला जगात चौथी ओएस आहे हे आठवलं नाही म्हणून. फोर्स लावला की व्यवस्थित चालतं. लेखकाने तपासलं नाही म्हणून मी का अडायचं?

सेकंडइयर

+१. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनवर टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप) सगळं करतो. कर्नल लिनक्सचाच, पण तिथलं नोड स्वतःचा प्लॅटफॉर्म 'अँड्रॉइड' सांगतं. त्यामुळे ज्या पॅकेजात 'लिनक्स' लिहिलंय ते बसत नाही. प्रूटमध्ये (फोनच्या आत दुसरं लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाकून त्यातलं नोड वापरलं तर तेच पॅकेज त्याच फोनवर निमूट बसतं!! आमच्या वर्गात असे अजून चौघं-पाचजण आहेत.

खिडकीवाली

मी उलट बाजूने लिहिते. मी विंडोजवर काम करते, सक्तीने नाही, आवडतं म्हणून. (हो, असेही लोक असतात. इनो घ्या.)

मला अडवलेलं चालतं. न चालणारं पॅकेज आनंदाने बसतं आणि नंतर रडवतं, ते चालत नाही. स्क्रिप्टमध्ये 'आरएम -आरएफ' लिहिलेलं असतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शेलच्या पद्धतीने ओळीच्या सुरुवातीला दिलेलं असतं, पाथ तिरक्या रेघेवर तोडलेला असतो. हे सगळं कळतं कधी? तर टूल प्रोजेक्टात घालून, टीमला सांगून झाल्यावर. सीआयवर (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरवर) हिरवं, माझ्याकडे लाल. त्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला 'नाही' म्हणा ना. टर्मिनलेश्वरांना फोर्स लावायला दोन सेकंद लागतात. माझी दुपार जाते.

मात्र 'विंडोजवर चालत नाही' हे वाक्य मी अजिबात जसंच्या तसं घेत नाही. निम्म्या वेळा त्याचा अर्थ 'विंडोजवर लावून बघितलं नाही' एवढाच असतो.

टर्मिनलेश्वर

@खिडकीवाली, दोन सेकंद माझे लागतात, कारण मला फोर्स ठाऊक आहे. सेकंडइयरच्या वर्गमित्राला ठाऊक नसतो. तो लाल अक्षरं बघून टूल सोडून देतो.

बिल्डतुटला

दोघंही धरून चाललेत की हे पॅकेज माणूस स्वतः हाताने बसवणार. उद्या फाँटवेडांचं पॅकेज दुसऱ्या कुठल्या पॅकेजाची डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारं पॅकेज, झालं तर? तीन पायऱ्या खाली बसलेल्या पॅकेजाने 'ओएस' लिहिलं असेल तर वरची सगळी इन्स्टॉल मोडते. वापरणाऱ्याने त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

याच कारणाने एफएसइव्हेंट्ससारखी पॅकेजं 'ऑप्शनल डिपेंडन्सी' म्हणून घेतात. ते मॅकवरच्या फाइलबदलांवर नजर ठेवतं, दुसरीकडे त्याचा उपयोग शून्य, म्हणून त्याच्या 'ओएस'मध्ये फक्त डार्विन आहे, आणि ते बरोबरच आहे. ऑप्शनल असल्यामुळे लिनक्सवर एनपीएम ते वगळून पुढे जातं. जुन्या एनपीएममध्ये त्याचा इशारा छापून यायचा, 'स्किपिंग ऑप्शनल डिपेंडन्सी... अनसपोर्टेड प्लॅटफॉर्म फॉर एफएसइव्हेंट्स'. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात हा इशारा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा.

'ओएस' फील्डचा खरा उपयोग ईएसबिल्डने (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) दाखवला. ते गो भाषेत आहे, म्हणजे प्रत्येक ओएस आणि सीपीयूच्या जोडीसाठी वेगळी बायनरी. प्रत्येक बायनरीचं वेगळं पॅकेज, त्यात 'ओएस' आणि 'सीपीयू' नेमके लिहिलेले, आणि मुख्य पॅकेज या सगळ्यांना ऑप्शनल म्हणून मागतं. एनपीएम जुळणारं तेवढं उतरवतं, बाकी सोडतं. रोलअपने चौथ्या आवृत्तीपासून हेच केलं, शार्पने ०.३३ पासून. या रचनेत फील्ड कोणाला हाकलायला नसतं, योग्य तुकडा निवडायला असतं.

चहाटळ

आणि मग लॉकफाइल येते...

बिल्डतुटला

जखमेवर मीठ चोळू नका हो. हो, लॉकफाइल येते, म्हणजे कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती बसली त्याची नोंद. नोड मॉड्यूल्स (बसवलेल्या पॅकेजांचा फोल्डर) जागेवर असताना मॅकवर लॉकफाइल नव्याने बनवली की काही वेळा तिच्यात फक्त मॅकच्याच बायनरीची नोंद राहते. तीच घेऊन सीआयच्या लिनक्सवर गेलं की रोलअप म्हणतं मॉड्यूल सापडत नाही. हा एनपीएमचा बग इतका गाजला की रोलअपच्या एररमध्येच 'एनपीएममध्ये ऑप्शनल डिपेंडन्सीचा बग आहे, लॉकफाइल आणि नोड मॉड्यूल्स दोन्ही उडवून पुन्हा बसवा' असा सल्ला छापलेला आहे. दुसऱ्याच्या बगची जाहिरात स्वतःच्या एररमध्ये करायची वेळ यावी, म्हणजे बघा.

पीएनपीएम आणि नव्या यार्नमध्ये (दोन्ही एनपीएमचे पर्याय) 'सपोर्टेड आर्किटेक्चर्स' अशी सेटिंग आहे, कुठकुठल्या ओएसच्या बायनरी आणायच्या ते आधीच सांगता येतं. एनपीएमला आता इन्स्टॉल करताना '--ओएस' आणि '--सीपीयू' देता येतात. आणि मॅकवरचं नोड मॉड्यूल्स तसंच्या तसं डॉकरमध्ये (तिथे आत लिनक्स असतं) कॉपी करणाऱ्यांना 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' हा प्रसाद मिळतो. मिळायलाच हवा.

अजगर

पायथनकडे दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

एक म्हणजे क्लासिफायर. 'ऑपरेटिंग सिस्टिम :: ओएस इंडिपेंडंट' असं लिहायचं, पायपीआय या पायथनच्या पॅकेज-भांडाराच्या पानावर ते दिसतं, संपलं. पॅकेज बसवणारं पिप त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तिथे 'फक्त मॅक' लिहिलंत तरी विंडोजवर पॅकेज बसणार.

दुसरं म्हणजे व्हीलच्या (तयार बांधलेल्या पॅकेजच्या) फाइलनावातला प्लॅटफॉर्म टॅग. पिप मानतं ते याला. 'एनी' असेल तर कुठेही, 'विन_एएमडी६४' असेल तर तिथेच. लिनक्सचं प्रकरण अवघड, कारण नुसतं 'लिनक्स' म्हणून काही कळत नाही, आतली ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) किती जुनी त्यावर सगळं ठरतं. म्हणून २०१६ मध्ये पेप ५१३ ने (पेप म्हणजे पायथनचा सुधारणा-प्रस्ताव) मेनीलिनक्स१ आणलं, सेंटओएस ५ चा पाया धरून. पुढे २०१०, मग २०१४ अशी नावं आली. शेवटी पेप ६०० ने सालांचा नाद सोडला आणि ग्लिबसीची आवृत्तीच नावात घातली, जसं 'मेनीलिनक्स_२_१७'. ग्लिबसीऐवजी मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवाल्यांसाठी २०२१ मध्ये पेप ६५६ ने मसललिनक्स आणलं.

व्हील जुळलं नाही तर पिप सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतं, आणि मग विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० लागेल' ही प्रसिद्ध ओळ. ताई, ही ओळ तुम्हाला पाठ असेल.

खिडकीवाली

झोपेतही म्हणून दाखवेन.

जुना पर्लवाला

पोरांनो, हे सगळं आमच्याकडे फार पूर्वी होऊन गेलं. सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या भांडारात, पॅकेज टाकलं की जगभरचे स्वयंसेवक, म्हणजे सीपॅन टेस्टर्स, ते नाना तऱ्हेच्या मशीनवर चालवून अहवाल पाठवतात. पास, फेल वगैरे. मॉड्यूल एखाद्या ओएसवर चालणं शक्यच नसेल तर मेकफाइल डॉट पीएलमध्ये 'ओएस अनसपोर्टेड' असं म्हणून डाय करायचं, म्हणजे एरर देऊन थांबायचं. मग अहवालात फेल येत नाही, 'एनए' येतं, लागू नाही. हे तपासायला 'डेव्हल::चेकओएस' नावाचं मॉड्यूल आहे.

नापास आणि लागू नाही यांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. फाँटवेडांच्या पॅकेजाला विंडोज लागू नाही, की विंडोजच्या पेपरात ते नापास आहे?

अवांतर: आर भाषेच्या पॅकेजात डिस्क्रिप्शन फाइलीत 'ओएस_टाइप' असतं. त्यात युनिक्स किंवा विंडोज, दोनच पर्याय. मॅकवाले युनिक्समध्ये गेले, कोणी कुरकुर केली नाही. संपला विषय.

निक्सभाऊ

जर्मनीहून राम राम. निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये 'मेटा डॉट प्लॅटफॉर्म्स' आणि 'बॅडप्लॅटफॉर्म्स' अशा दोन याद्या असतात. फरक असा की त्या मूळ लेखक लिहीत नाही, पॅकेज बांधणारा लिहितो, आणि चुकलं तर दुसरा कोणीही पुल रिक्वेस्ट (दुरुस्तीचा प्रस्ताव) टाकून सुधारतो. एनपीएममध्ये यादी एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत गोठली की गोठली, नवी आवृत्ती लेखकालाच काढावी लागते. आणि तीन वर्षांनी लेखक गायब झालेला असतो.

रस्ट भाषेच्या कार्गोमध्ये अख्ख्या क्रेटसाठी (म्हणजे पॅकेजसाठी) असं फील्डच नाही. एखादी डिपेंडन्सी फक्त युनिक्सवर हवी असेल तर 'टार्गेट'खाली 'सीएफजी(युनिक्स)' लिहून मागता येते. क्रेट विंडोजवर नकोच असेल तर कोडमध्ये 'कंपाइल_एरर' टाकायचा. स्विफ्टच्या पॅकेजात 'प्लॅटफॉर्म्स' आहे, पण त्यात फक्त ॲपलच्या ओएसची किमान आवृत्ती ठरते. तिथे मॅक लिहिलंय म्हणून लिनक्स बंद, असं होत नाही. दरवर्षी कोणीतरी हे उलटं समजून येतो.

सेमीकोलन

'लिनक्स म्हणून काही कळत नाही' याला अनुमोदन. एनपीएमलाही हे उशिरा उमगलं, आता 'लिबसी' असं तिसरं फील्ड आहे, त्यात ग्लिबसी किंवा मसल लिहायचं. याउलट डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स. मशीन विंडोजचं, प्लॅटफॉर्म येतो लिनक्स. पॉवरशेलमधून एनपीएम इन्स्टॉल करायचं आणि तोच फोल्डर डब्ल्यूएसएलमधून चालवायचा हा उद्योग केलात की ईएसबिल्ड सांगतं, तुम्ही दुसऱ्याच प्लॅटफॉर्मचं बसवलंय.

चहाटळ

धाग्याचा विषय काय होता? वाचतोय, चहा ठेवलाय.

जुना पर्लवाला

माझा प्रश्न तसाच राहिलाय. फाँटवेडा, विंडोजवर नक्की मोडतं काय?

फाँटवेडा

सगळ्यांचे आभार, एवढा धागा चालेल असं वाटलं नव्हतं.

मोडतं ते असं. फाँटांची यादी मी स्वतः काढत नाही, 'एफसी-लिस्ट' ही कमांड चालवतो. तिला ':लँग=एमआर' दिलं की मराठी येणारे फाँट तेवढे मिळतात. विंडोजवर ही कमांड नसते.

निक्सभाऊ

ती मॅकवरही नसते! फाँटकॉन्फिग या फाँट शोधणाऱ्या लायब्ररीतली कमांड आहे ती, ॲपल देत नाही. तुमच्याकडे होमब्रूने (मॅकवर टूलं बसवणारा पॅकेज मॅनेजर) आणलेली असणार.

फाँटवेडा

बरोबर, होमब्रूच्या फोल्डरातच सापडली. इमेजमॅजिक किंवा तसल्या कशाबरोबर आली असावी.

बिल्डतुटला

आणि अल्पाइनच्या साध्या डॉकर इमेजमध्येही नसते. सर्व्हरवरच्या लिनक्समध्येही बऱ्याचदा नसते, तिथे फाँट लागतात कोणाला?

सेकंडइयर

टर्मक्समध्ये बसवता येते. आत्ताच चालवून बघितली, मराठीचा फाँट दाखवला.

खिडकीवाली

आणि विंडोजवर एमएसवायएस२ (युनिक्सची टूलं विंडोजवर आणणारा संच) मधून फाँटकॉन्फिग बसवलं तर माझ्याकडेही आहे. एफसी-लिस्ट डॉट ईएक्सई. रीतसर.

जुना पर्लवाला

झालं तर मग. डार्विन आणि लिनक्स लिहिलं असतंत तर ते दोन्हीकडून खोटं ठरलं असतं. कोऱ्या मॅकवर बसून चाललं नसतं, आणि ताईंकडे चालणारं असून बसलं नसतं. तुमच्या पॅकेजाला ओएस लागत नाही, एक कमांड लागते. ती सांगायला एनपीएममध्ये फील्ड नाही. डेबियनमध्ये याच गोष्टीला 'डिपेंड्स'मध्ये फाँटकॉन्फिग लिहून मोकळे झाला असतात, कारण तिथे ती कमांडही पॅकेजच आहे. भाषेचे पॅकेज मॅनेजर आपल्या भाषेच्या कुंपणाबाहेर बघत नाहीत, आणि मग लोक ओएसच्या नावावर काम भागवतात.

सेमीकोलन

याला पूर्ण सहमती. कमांड सुरू होताच एफसी-लिस्ट आहे का बघा. नसेल तर कशी बसवायची ते एका ओळीत सांगा, एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') सोडून काहीही द्या. रीडमीत पहिल्या पाच ओळींत हेच. 'ओएस' रिकामं.

खिडकीवाली

सहमत नाही. म्हणजे 'ओएस' रिकामं ठेवा, मान्य. पण चालवताना कळणं हे मला अजून उशिराच वाटतं. बसवतानाच का नाही सांगायचं?

सेमीकोलन

पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (पॅकेज बसताच आपोआप चालणारी) लिहून सांगता येईल, पण कृपया नको. बऱ्याच कंपन्यांत इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद ठेवतात, पीएनपीएम दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालवत नाही. नव्या एनपीएममध्ये त्यांनी छापलेलं सहसा पडद्यावरही येत नाही. शिवाय बसवताना कमांड नसली आणि संध्याकाळी बसवली तर?

खिडकीवाली

मग माझी दुपार गेली ती गेलीच. ठीक आहे, इथे आपलं जुळणार नाही.

टर्मिनलेश्वर

फ्रीबीएसडीवर फाँटकॉन्फिग पोर्ट्समध्ये आहे. नोंद असावी म्हणून.

फाँटवेडा

'ओएस' काढून टाकलं. सुरुवातीला तपासणी घातली, संदेश मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. गिटहबच्या सीआयवर उबुंटू, मॅक आणि विंडोज तिन्ही लावतो, विंडोजवर सध्या 'संदेश नीट येतो ना' एवढीच चाचणी. सहकाऱ्याला हा धागा पाठवलाय, त्याने फक्त चहाटळांची पाटी वाचलेली दिसते.

खिडकीवाली

विंडोजची खरी बाजू मी लिहून देते, एमएसवायएसची भानगड नको. फाँटांची यादी रजिस्ट्रीत मिळते, लोकल मशीनखाली 'विंडोज एनटी, करंट व्हर्जन, फाँट्स'. विंडोज १० च्या १८०९ पासून वापरणाऱ्याने एकट्यापुरते बसवलेले फाँट वेगळे राहतात, ते करंट युजरखाली बघावे लागतात. हे निम्मे लोक विसरतात आणि मग 'माझा फाँट दिसत नाही' सुरू होतं.

अडचण वेगळीच आहे. रजिस्ट्री फाँटचं नाव आणि फाइल देते, त्याला मराठी येतं का ते सांगत नाही. एफसी-लिस्ट भाषेवार अक्षरांची यादी बाळगून असतं, इथे ते काम आपल्याला करावं लागेल. प्रत्येक फाइल उघडून तिचा सीमॅप तक्ता (फाँटात कुठली अक्षरं आहेत त्याचा) वाचायचा.

फाँटवेडा

सीमॅप वाचणारा कोड माझ्याकडे आहेच, अक्षर कुठल्या फाँटात नाही ते त्यावरूनच काढतो. मराठीसाठी ०९०० ते ०९७एफ हा सगळा पट्टा मागू नका, मग मराठी नीट येणारे बरेच फाँटही नापास होतील. नेहमीची मुळाक्षरं, मात्रा, आणि मुद्दाम ०९३१ चा 'ऱ' आणि ०९३३ चा 'ळ' तपासा.

खिडकीवाली

फाँटाचा एकच फोल्डर आहे असं धरलं नाहीये ना त्या कोडात? आणि टीटीसी फाइलीत एकाहून जास्त फाँट असतात, विंडोजचा निर्मला फाँट तसा येतो काही मशीनवर. शनिवारी पुल रिक्वेस्ट टाकते.